तेरा पौंडांचा बास: आधी तलाव, मग महिना, गळ शेवटी

प्रश्न थोडक्यात असा: टेक्ससमध्ये डॅलसजवळ राहतो, दोन वर्षं आसपासच्या सरकारी तलावांवर लार्जमाउथ बास, म्हणजे गोड्या पाण्यातला मोठ्या तोंडाचा शिकारी मासा, गरवतोय. दोन-तीन पौंडांचे भरपूर लागतात, पण दहा पौंडांच्या वरचा एकदाही लागला नाही. रेकॉर्डच्या जवळ जाणारे मासे सार्वजनिक तलावात वाढतात तरी कसे, आणि ते धरायला वेगळं काय करावं लागतं?

दोन-तीन पौंडांचे नियमित लागत असतील तर हात चांगला बसला आहे. अशा वेळी बहुधा तलाव चुकलेला असतो, नाहीतर महिना. गळ, दोरी, आमिष हे सगळं त्यानंतर येतं. म्हणून मासा वाढतो कसा, इथून सुरुवात करतो.

आधी आकडे. जागतिक विक्रम २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे जवळपास १०.१ किलोचा. २ जून १९३२ रोजी जॉर्जियातल्या मॉन्टगोमेरी लेकमध्ये जॉर्ज पेरीने तो मासा धरला. २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी जिवंत ब्लूगिल हा छोटा मासा आमिष म्हणून लावून २२ पौंड ५ औंसांचा धरला, पण तो बरोबरीचाच मानला गेला. २५ पौंडांखालच्या माशाला जुना विक्रम मोडायला किमान २ औंस जास्त भरावे लागतात, असा आयजीएफए या मासेमारीचे जागतिक विक्रम नोंदवणाऱ्या संस्थेचा नियम आहे. टेक्ससचा विक्रम १८.१८ पौंडांचा, जानेवारी १९९२ मधला, लेक फोर्क या तलावातला. तो अजून टिकून आहे. त्यामुळे टेक्ससमध्ये १३ पौंडांचं, म्हणजे साधारण ५.९ किलोचं उद्दिष्ट ठेवा. तिथला मत्स्यविभागही हाच आकडा धरून चालतो.

तेरा पौंडांचा मासा ही मादीच असते. नर पाच-सहा पौंडांपुढे क्वचितच जातो. वय साधारण आठ ते बारा वर्षं. म्हणजे आज जी मादी तुम्हाला हवी आहे ती आठ-दहा वर्षांपूर्वी बोटुकली होती, आणि मधल्या सगळ्या वर्षांत तिला पोटभर खायला मिळालं, कोणी तिला घरी नेलं नाही, रोगराई आणि दुष्काळ यांतून ती वाचली. हे सगळं एकत्र जुळतं असे तलाव मोजकेच असतात, आणि त्यामागे चार गोष्टी असतात.

पहिली गोष्ट रक्ताची. टेक्ससमध्ये मूळचा जो बास आहे तो उत्तरेकडचा. १९४३ मध्ये धरलेला साडेतेरा पौंडांचा मासा तिथे १९८० पर्यंत राज्याचा विक्रम म्हणून टिकला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफ विभागाने फ्लोरिडाचा बास आणून तलावांत सोडायला सुरुवात केली. १९८६ मध्ये लेक फोर्कमधून १७.६७ पौंडांचा निघाला, १९९२ मध्ये १८.१८ चा. दिवस गरम आणि लांब असतील तर फ्लोरिडाचं वाण जास्त मोठं होतं. कॅलिफोर्नियाची गोष्टही तीच. १९५९ मध्ये सॅन डिएगोकडे फ्लोरिडाचे मासे आले आणि पुढे कॅस्टेक, कसिटास, डिक्सन या तलावांतून वीस पौंडांच्या वरचे निघाले. तिथे हिवाळ्यात सोडलेले रेनबो ट्राउट हा बासचा खुराक झाला.

दुसरी गोष्ट खुराकाची. एक पौंड अंगावर चढायला बासला साधारण दहा पौंड मासे खावे लागतात, असा मत्स्यतळी सांभाळणाऱ्यांचा ढोबळ हिशोब आहे. चपट्या, उंच अंगाचा ब्लूगिल तो आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा गिळतो, थव्याने फिरणारा निमुळता शॅड मासा जवळजवळ निम्म्या लांबीचा. २५ इंची मादीला दोन-दोन इंचांच्या शॅडमागे धावत बसणं परवडत नाही. तिला आठ-दहा इंचांचा गिझर्ड शॅड हवा. म्हणून तलावात गिझर्ड शॅड आहे का, ही चौकशी फार मोलाची. छोटा थ्रेडफिन शॅड मधल्या आकाराच्या बासना पोसतो, पण पाणी ४२-४५ फॅरनहाइटखाली गेलं की तो मरू लागतो.

तिसरी गोष्ट पाण्याची. नवीन धरण भरतं तेव्हा बुडालेल्या जमिनीतलं खत, गवत, झुडपं पाण्यात येतात. त्यावर सूक्ष्म जीव वाढतात, त्यावर शॅड, त्यावर बास. पहिली काही वर्षं अशा तलावाला बहर असतो. लेक फोर्क १९८० पासून भरू लागला. धरण भरण्याआधीच त्या परिसरातल्या तळ्यांत फ्लोरिडाचे बास सोडून ठेवले होते आणि उभी झाडं न तोडता राखली होती. पाणी चढलं तेव्हा मोठे होऊ घातलेले मासे आणि त्यांचं घर दोन्ही तयार होतं. पश्चिमेकडच्या ओ. एच. आयव्ही तलावात हाच बहर दुसऱ्यांदा आला. दुष्काळात पाणी खूप उतरलं, उघड्या पात्रात वर्षानुवर्षं झुडपं माजली आणि नंतर पाणी चढलं तेव्हा सगळं रान बुडालं. २०२१ पासून तिथून तेरा पौंडांच्या वरचे मासे एकामागून एक निघाले ते यामुळेच. तेव्हा कुठला तलाव आज गाजतोय एवढंच पाहू नका. पाच-सात वर्षांपूर्वी कुठल्या तलावाचं पाणी चढलं आणि त्याच सुमाराला तिथे बोटुकली सोडली गेली, ते शोधा. मत्स्यबीज कधी, किती आणि कुठल्या जातीचं सोडलं याची तलाववार नोंद टेक्ससचा विभाग जाहीर करतो. ती वाचायची सवय लावून घ्या.

चौथी गोष्ट नियमांची, आणि इथे प्रत्येक गरवणाऱ्याचा हात लागतो. फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास ठेवता येत नाही, तो सोडावाच लागतो. दिवसाला पाच मासे, त्यात २४ इंच किंवा त्याहून मोठा एकच. याचा अर्थ १६ इंचांखालचे खाण्यासाठी न्यावेत अशीच अपेक्षा आहे. सगळेच मासे सोडत गेलं की तलावात बारा-चौदा इंचांचीच गर्दी होते, खुराक वाटला जातो आणि कोणीच मोठं होत नाही. नियम जिथे परवानगी देतो तिथे लहान बास घरी नेऊन तव्यावर टाकणं हे तलावाच्या भल्याचंच काम आहे. मोठी मादी मात्र सोडाच. आणि एक गोष्ट कटाक्षाने टाळा: एका तलावातला मासा उचलून दुसऱ्यात सोडणं. परवान्याशिवाय सार्वजनिक पाण्यात मासे सोडणं तिथे गुन्हा आहे, शिवाय रोग आणि नको ती जात पसरते. बोटीतलं आणि टाकीतलं सगळं पाणी तलावावरच काढून टाकणंही कायद्याने बंधनकारक आहे, कारण झेब्रा शिंपले आणि सॅल्व्हिनिया ही पाणवनस्पती असेच पसरतात.

आता महिना. जानेवारी ते मार्च. या काळात मादीच्या पोटात गाबोळी भरत असते, वजन वर्षातलं सर्वाधिक असतं आणि ती खोल पाण्यातून उथळाकडे सरकत असते, म्हणजे आपल्या आटोक्यात येते. राज्याच्या शेअरलंकर उपक्रमात अंडी घेण्यासाठी तेरा पौंडांच्या माद्या १ जानेवारी ते ३१ मार्च याच काळात घेतात. पाणी ४८ ते ५८ फॅरनहाइट, म्हणजे ९ ते १४ सेल्सिअसच्या दरम्यान असलं की अंडी घालण्यापूर्वीची हालचाल चालू असते. ६० च्या पुढे घरटी दिसू लागतात.

जागा निवडताना तलावाच्या नकाशावर उत्तर आणि वायव्य बाजूच्या खाड्या आधी पाहा. थंड उत्तरी वारा तिथे अडतो, दुपारचं ऊन तिरकं पडतं, आणि त्या तलावाच्या बाकी भागापेक्षा आधी, तीन-चार अंश जास्त तापतात. खाडीत पूर्वीच्या ओढ्याचं बुडालेलं पात्र असतं. मोठी मादी त्या पात्रानेच वर येते, वाट सोडून भटकत नाही. पात्र जिथे वळण घेतं आणि काठापासून सहा ते बारा फुटांवर येतं, तिथे एखादं खोड, एखादी गवताची पट्टी किंवा टणक तळ असेल तर ती तिथे थांबते. तीन दिवस सलग उबदार गेले की ती एक पायरी वर सरकते. थंडीची लाट आली की परत पात्राच्या कडेला जाते, पण खाडी सोडून सहसा जात नाही. लाट आल्यावर लोक तलावाच्या मध्यावर पळतात. त्यापेक्षा त्याच खाडीत पाच-सहा फूट जास्त खोल आणि निम्म्या वेगाने गरवा.

गवतावर गरवण्याची एक पद्धत जवळून सांगतो, कारण फोर्कवर फेब्रुवारीत हीच सर्वांत भरवशाची आहे. रॅट-एल-ट्रॅपसारखं अर्धा औंसाचं, आत छर्रे खुळखुळणारं आमिष घ्या, रंग लाल किंवा झिंग्यासारख्या क्रॉफिशचा. चार ते सात फुटांत, वरून न दिसणाऱ्या बुडालेल्या गवतावर ते फेका आणि गवताच्या शेंड्यांना घासेल इतक्या हळू ओढा. ते अडकलं पाहिजे, अडकत नसेल तर वेग जास्त आहे. अडकलं की रीळ थांबवा, काठीला मनगटाने एक झटका द्या. गवताची पात तुटते, आमिष मोकळं होऊन एक-दोन फूट उसळतं आणि थरथरत खाली येतं. त्या खाली येण्यातच मासा घेतो. हाताला ठोका लागेलच असं नाही, पुष्कळदा दोरी फक्त जड होते, ओल्या पोत्याला गळ लागल्यासारखी. इथे १५ ते १७ पौंडी फ्लोरोकार्बनची दोरी आणि जरा लवचीक, सात फुटांची काठी लागते. ताठ काठी असेल तर तीन तोंडांचा गळ माशाच्या ओठातून फाटून निघतो.

मोठं आमिष मात्र वेगळ्या काठीवर. सात ते दहा इंचांचे स्विमबेट आणि ग्लाइडबेट, म्हणजे पोहत्या माशासारखी कृत्रिम आमिषं, चार ते सहा औंसांची असतात. त्यांना पावणेआठ ते आठ फुटांची एक्स्ट्रा हेवी काठी, ३०० आकाराचं रीळ आणि २० ते २५ पौंडी फ्लोरोकार्बन हवं. टेक्ससमध्ये शॅड आणि ब्लूगिलचे आकार-रंग निवडा. ट्राउटचं आमिष ट्राउट सोडलेल्या पाण्यातच अर्थपूर्ण. स्विमबेट तळाला घासत, अगदी सावकाश. दिवसभरात एक ठोका मिळाला तर दिवस चांगला गेला असं समजून चालावं लागतं. लहान मासे या आमिषाला फारसे लागत नाहीत, त्यामुळे मन डळमळतं आणि दुपारी लोक लहान आमिष बांधतात. तिथेच मोठा मासा हातचा जातो. रोज शेवटचे दोन तास तरी मोठ्या आमिषालाच द्या.

मधला मार्ग हवा असेल तर पाऊण औंसाचं काळं-निळं किंवा तपकिरी जिग, म्हणजे वजनदार डोक्याचा झालरवाला गळ, मागे मोठं ट्रेलर, म्हणजे मऊ प्लास्टिकची शेपटी. झाडांत गरवायचं असेल तर ५० ते ६५ पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी.

गेल्या काही वर्षांत समोरचं पाणी थेट दाखवणारे सोनार आले. गार्मिनचं लाइव्हस्कोप २०१८ मध्ये आलं, मग इतरांची. आयव्हीवरचे बरेच मोठे मासे याच यंत्राने शोधलेले आहेत. त्यामुळे एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली: हिवाळ्यात मोठ्या माद्या २० ते ३५ फूट खोल पाण्यात, उभ्या वाळक्या झाडांच्या शेंड्यांशी, तळाला न टेकता तरंगत असतात, आणि जवळपास शॅडचा थवा असतो. पडद्यावर एकटा, जाड, संथ ठिपका दिसला की आमिष त्याच्या दोन-तीन फूट वरून न्या, खालून कधीच नको. बास वर पाहून खातो. आमिष पाहून मासा वळला पण आला नाही तर वेग वाढवा. थांबलात की तोही थांबतो आणि खाली उतरतो. इथली नेहमीची चूक म्हणजे हलक्या स्पिनिंग काठीवर आठ पौंडी दोरी आणि तीन इंची प्लास्टिकचा मासा. ठोका मिळतो, पण दहा पौंडांची मादी पहिल्या धावेतच झाडाला वेढा घालते आणि दोरी तुटून तोंडात गळ घेऊन जाते. झाडांत १५ पौंडांखाली उतरू नका.

यंत्र नसेल, बोटही नसेल तरी मार्ग आहे. पुलांचे दगडी भराव, धरणाच्या भिंतीचे दगड आणि खाडीच्या तोंडाशी काठापर्यंत येणारं ओढ्याचं पात्र या जागा फेब्रुवारीत काठावरून साधतात. दगड दुपारी तापतात, म्हणून तिथे पहाटेपेक्षा दुपारी दोन ते पाच ही वेळ बरी.

मासे निसटतात त्याची कारणं साधी असतात. फ्लोरोकार्बनची गाठ ओली न करता आवळली की घर्षणाने दोरी जळते आणि तिथेच तुटते. पॅलोमार गाठ बांधा, थुंकीने ओली करा, आणि दर तीन-चार माशांनंतर किंवा झाडाला घासल्यावर पुढची दोन फूट दोरी बोटांत ओढून पाहा. खरखरीत लागली तर कापा. आमिषाबरोबर आलेले गळ बऱ्याचदा पातळ तारेचे असतात, ते बदला. ड्रॅग, म्हणजे रिळावरून दोरी सुटू देणारा ब्रेक, पूर्ण आवळू नका. मासा बोटीशी आला की त्याची शेवटची धाव सर्वांत जोराची असते. त्या वेळी काठीचं टोक पाण्यात घाला, म्हणजे तो उडी मारून गळ झटकत नाही.

मासा जाळ्यात आल्यावरची पहिली पाच मिनिटं सर्वांत महत्त्वाची. जाळं रबराचं असावं. नायलॉनच्या गाठी अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतात आणि पुढे तिथे बुरशी धरते. जाळं पाण्यातच ठेवा, गळ काढायची पक्कड हाताशी घ्या, हात ओले करा. बारा-तेरा पौंडांचं अंग एका ओठावर लटकवलं तर जबड्याचा सांधा निसटतो आणि मासा दिसायला ठीक जातो, पण नंतर खाऊ शकत नाही. एक हात ओठाला, दुसरा पोटाखाली, मासा आडवा. पाण्याबाहेर एका वेळी तीस सेकंदांपेक्षा जास्त नको. फोटोसाठी आधी कॅमेरा तयार ठेवा, मग मासा उचला.

वजन काट्यानेच करा. लांबीचा वर्ग गुणिले घेर, भागिले १२०० हे सूत्र बासला लावतात. २७ इंच लांब आणि साडेवीस इंच घेराची मादी त्यावर १२.५ पौंड भरते. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ८०० हे दुसरं सूत्र तिलाच १४.२ पौंड देतं. पावणेदोन पौंडांच्या फरकावर दावा करता येत नाही. आयजीएफएचा विक्रम हवा असेल तर मासा जमिनीवर, प्रमाणित काट्यावर तोलावा लागतो, बोटीतलं वजन धरत नाहीत. शिवाय मुद्दाम अंगात गळ अडकवून धरलेला मासा चालत नाही. २००६ मध्ये डिक्सन लेकवर धरलेल्या मादीचं वजन हातातल्या काट्यावर २५ पौंड १ औंस भरलं होतं, पण गळ तोंडाबाहेर अंगाला लागला होता. तिला सोडून दिलं आणि दावा केलाच नाही. दोन वर्षांनी ती मेलेली सापडली.

टेक्ससमध्ये ८ पौंड किंवा २४ इंच, मग १० पौंड, मग १३ पौंड अशा पायऱ्यांनी शेअरलंकरमध्ये नोंद होते. पहिल्या तीन महिन्यांत १३ पौंडांच्या वरची मिळाली आणि ती तुम्ही उसनी द्यायला तयार असाल तर विभागाचे लोक ती न्यायला येतात, अथेन्सच्या केंद्रात तिची अंडी घेतात आणि शक्य असेल तर मादी तिच्याच तलावात परत सोडतात. तिची पिल्लं पुन्हा सार्वजनिक तलावांत जातात. खासगी जागेत कोणी मासे वाढवले असते तर ते एकाच मालकाचे राहिले असते, इथे तुमच्या एका फोनने सगळ्यांच्या पाण्यात चांगलं रक्त उतरतं. म्हणून विभागाचा नंबर जानेवारीतच फोनमध्ये घालून ठेवा. माणसं येईपर्यंत मादी बोटीच्या टाकीत ठेवा, पंप सतत चालू, पाणी तलावाच्याच तापमानाचं, दुसरा एकही मासा सोबत नको. दोरीला ओवून पाण्यात सोडलेली मादी वाचत नाही.

खोल पाण्यातून, साधारण २५ फुटांखालून काढलेली मादी टाकीत कुशीवर पडून तरंगत असेल तर तिचा हवेचा फुगा फुगला आहे. सुईने हवा काढणं शिकलेल्या माणसालाच करू द्या. तोपर्यंत पोटाखालच्या परांना लहान चिमट्याने वजन अडकवून तिला सरळ ठेवता येतं.

सोडून झालं की तिथल्या तिथे चार गोष्टी लिहा: जागेचा जीपीएस बिंदू, खोली, पाण्याचं तापमान, वाऱ्याची दिशा. पात्राच्या ज्या वळणावर एक मोठी मादी थांबली तिथे थांबण्याचं कारण त्या जागेतच असतं. पाणी त्याच तापमानाला आलं की पुढच्या वर्षी त्याच खोडापाशी दुसरी येऊन उभी राहते.